मामांच्या चौदा कॅसेटी: प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

मामांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चौदा कॅसेटी आणून दिल्या. डब्याला बाहेरून गंज, आतून डांबराच्या गोळीचा वास. लेबलांवर निळ्या शाईत: 'खरड छाटणी, ओटा, एप्रिल ९२', 'डावणी, सगळे', 'आई, पूर'. (खरड छाटणी ही द्राक्षवेलीची एप्रिलातली छाटणी, डावणी हा द्राक्षांवरचा रोग.) १९९१ ते १९९६ या काळात निफाड तालुक्यातल्या आजोळी संध्याकाळी ओट्यावर द्राक्षवाले जमायचे, आणि मामा मध्ये टेपरेकॉर्डर ठेवून द्यायचे. अकरा कॅसेटी त्या गप्पांच्या. उरलेल्या तीन आजीच्या, पंचवटीतल्या जुन्या घरी भरलेल्या.

मामांचं म्हणणं असं की गणपतीत गावात हे दाखवायचं. आवाज, सोबत जुने फोटो, आणि खाली अक्षरं. अक्षरं हवीतच, कारण ओट्यावर बोलणाऱ्यांपैकी जे आज आहेत त्यांतल्या बहुतेकांना ऐकू येत नाही. "तू लग्नाच्या व्हिडिओवर नावं टाकतोस ना, तसंच. फक्त बोलणं टाकायचं."

तसंच, म्हणे. हो म्हणून बसलो. लग्नसराई संपलीच आहे.

१२ जून

कॅसेट डेक मिळाला. एम. जी. रोडवर चार दुकानांत विचारलं, तिघं हसले. चौथ्याने माळ्यावरून एक काढून दिला आणि वर म्हणाला, परत आणू नका. आतला रबरी पट्टा वितळून डिंकासारखा झाला होता. स्पिरिटने पुसून नवीन टाकला.

पहिलीच बाजू लावली तर सगळी माणसं बारीक आवाजात, घाईघाईने बोलतायत. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. आमच्या डेकवर ती २८ मिनिटं ५० सेकंदांत संपली. म्हणजे फीत जवळजवळ ४ टक्के जोरात पळतेय. मोटरच्या मागे एक भोक असतं, त्यात बारीक स्क्रू. पेचकसाने केसभर फिरवत फिरवत वेग खाली आणला. दुसरा स्क्रू हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा. फितीवर हेड किंचित तिरकं बसलं की आवाज घोंगडीआडून आल्यासारखा येतो. तो पाव फेरा फिरवल्यावर 'स' आणि 'श' एकदम मोकळे झाले. ही दोन अक्षरं पुढे किती छळणार आहेत हे तेव्हा कळलं नाही.

१६ जून

चौदाच्या चौदा संगणकात घेतल्या. मूळ प्रत ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, तिला हात लावायचा नाही. मशीनसाठी, म्हणजे ऐकलेलं लिहून काढणाऱ्या व्हिस्पर या प्रोग्रामसाठी, एफएफएमपेगने (आवाज-व्हिडिओच्या फाईली बदलायचं साधन) वेगळी प्रत: १६ किलोहर्ट्झ, एकच चॅनल. व्हिस्पर काहीही दिलं तरी आत १६ किलोहर्ट्झच करून घेतं, मग मीच करून दिलेलं बरं. नॉइज रिडक्शन एका बाजूवर करून पाहिलं आणि काढून टाकलं. कानाला गोड लागतं, पण खरखर जाताना शब्दांच्या कडाही जातात, आणि मशीन जास्त चुकतं.

१८ जून

पहिला खरा प्रयोग. फास्टर-व्हिस्पर (व्हिस्परचीच वेगवान आवृत्ती), लार्ज-व्ही३ मॉडेल, आठ बिटांत दाबलेलं, कारण माझ्या लॅपटॉपला ग्राफिक कार्ड नाही. ३० मिनिटांच्या बाजूला सव्वा तास. रात्री लावून झोपायचं.

सकाळी उठून फाईल उघडली. पूर्ण हिंदीत! "हमने बाग लगाया" वगैरे. निफाडचे बागायतदार इतकं हिंदी आयुष्यात बोलले नसतील. कारण सापडायला पंधरा मिनिटं लागली. भाषा सांगितली नाही तर व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरून ओळखतं. मामांनी गाण्यांच्या विकत आणलेल्या कॅसेटवर चिकटपट्टी लावून रेकॉर्डिंग केलं होतं (कॅसेटच्या कडेचे कान तोडलेले असले की रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची, हे तीसच्या खालच्या कोणाला सांगूनही पटणार नाही), आणि सुरुवातीचं अर्धं मिनिट जुनं हिंदी गाणं तसंच राहिलं होतं. आता भाषा 'मराठी' अशी पक्की करून पुन्हा लावलं.

१९ जून

मराठी आलं. आणि चांगलं आलं, हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढच्या नोंदी तक्रारींच्याच असणार. शांतपणे एकटा माणूस बोलतोय तिथे दहा ओळींतल्या सात जशाच्या तशा ठेवता आल्या.

बाकीच्यांपैकी काही: 'गोडी छाटणी'ची (फळांसाठीची ऑक्टोबरातली छाटणी) 'घोडी छाटणी' झाली. 'डावणी' प्रत्येक वेळी 'दावणी', म्हणजे बागेवर रोग पडण्याऐवजी गोठ्यात बैल बांधले गेले. 'भुरी'ची (हाही रोगच) 'भोरी'. 'ओलांडे' (वेलीच्या आडव्या फांद्या) कधी 'ओलांडले', कधी 'वरंडे'. या चुका मला आवडतात. वाचताक्षणी हसू येतं, हसू आलं की दुरुस्त होतात.

बाजूच्या शेवटी दोन मिनिटं कोरी फीत आहे, नुसती खरखर. तिथे मशीनने लिहिलंय: 'धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद.' आणि एके ठिकाणी 'चॅनल सबस्क्राइब करा'. १९९२ साली! या मॉडेलची पहिली आवृत्तीच इंटरनेटवरच्या ६,८०,००० तास आवाजावर शिकवलेली आहे. व्हिडिओच्या शेवटी आवाज संपतो तेव्हा खाली काय लिहिलेलं असतं, तेच त्याच्या डोक्यात बसलंय. शांतता दिली की आभार मानतं.

२१ जून

माझी स्वतःची चूक, नोंदवून ठेवणं भाग आहे. खरखरीचा बंदोबस्त म्हणून एफएफएमपेगने शांत जागा कापूनच टाकल्या आणि ती फाईल मशीनला दिली. आभारप्रदर्शन थांबलं. पण मूळ आवाजावर सबटायटल लावले तर पहिल्या मिनिटाला बरोबर, पाचव्या मिनिटाला ४ सेकंद आधी, विसाव्याला माणूस तोंड उघडण्याच्या पाऊण मिनिट आधी त्याचं वाक्य हजर. कापलेली प्रत्येक शांतता पुढच्या सगळ्या वेळांतून वजा झाली होती. गप्पांत शांतता भरपूर, कारण मध्येच कोणीतरी तंबाखू मळतो.

दिवस वाया गेल्यावर कळलं की फास्टर-व्हिस्परमध्ये सिलेरो नावाचा आवाज ओळखणारा चाळणीसारखा भाग आधीच आहे. तो शांतता वगळतो आणि नंतर वेळ मूळ फितीप्रमाणे परत जुळवून देतो.

२४ जून

शब्दयादी. मशीनला सुरुवातीचा मजकूर देता येतो, म्हणजे कुठल्या विषयावर बोलणं आहे त्याचा अंदाज येतो. मी साठ शब्द दिले: खरड छाटणी, गोडी छाटणी, डावणी, भुरी, थॉमसन, सोनाका (या द्राक्षाच्या जाती), मणी, घड, काडी, डोळे, ओलांडे, जीए (जिबरेलिक ॲसिड), बुडवणी, बेदाणा आणि बरंच काही. फरक जवळजवळ शून्य. 'घोडी' तशीच उधळतेय.

दोन कारणं निघाली. एक, या मजकुराला २२४ टोकनांची (मशीन शब्दाचे जे तुकडे पाडतं त्यांची) मर्यादा आहे आणि जास्त झालं तर शेवटचेच धरले जातात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि व्हिस्परचा शब्द तोडणारा कोयता इंग्रजीवर धार लावलेला. आपला एक शब्द त्याला पाच-सात तुकड्यांत दिसतो. म्हणजे माझ्या साठ शब्दांतले पहिले निम्मे, गोडी छाटणीसकट, दारातच गळाले. दोन, मशीन एकाच वाक्यात अडकून तेच तेच लिहू नये म्हणून मी 'मागचा मजकूर पुढे वापर' हा पर्याय बंद केला होता. तो बंद असला की सुरुवातीची यादी फक्त पहिल्या ३० सेकंदांच्या तुकड्याला लागू होते. पुढचा तुकडा कोऱ्या पाटीने सुरू. म्हणजे माझी यादी मशीनने वाचली ती फक्त हिंदी गाणं ऐकताना.

उपाय: 'हॉटवर्ड्स' नावाचा पर्याय, जो प्रत्येक तुकड्याला लागतो. त्यात बाराच शब्द ठेवले. घोडी गोठ्यात गेली, डावणी बागेत आली.

३० जून

आज दिवसभर आजीची कॅसेट. १९६९ च्या पुराची आठवण. "दुतोंड्या मारुती बुडाला, मंग सरकारवाड्याच्या पायऱ्या." नाशिकात पूर फुटांत मोजत नाहीत, गोदेच्या पात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजतात: गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. २००८ च्या पुरात मीसुद्धा पुलावर उभा राहून हेच विचारत होतो. मशीनने 'दूध तोंड्या मारुती' लिहिलं. ते ठीक.

मामांच्या मुलाची मुलगी परदेशात असते, तिला इंग्रजीतही हवं म्हणून व्हिस्परचा भाषांतराचा पर्याय लावून पाहिला. तो कुठल्याही भाषेतून फक्त इंग्रजीतच जातो. आजी म्हणते, "गंगेला पाणी आलं." नाशिककराची गंगा म्हणजे गोदावरी, दुसरी कुठली नाहीच. भाषांतरात झालं 'गँजेस'. म्हणजे त्या मुलीच्या डोळ्यांपुढे पंचवटीतली पणजी वाराणसीच्या घाटावर भांडीकुंडी आवरतेय. इंग्रजी फाईल हातानेच करायची ठरवली. निदान तिन्ही आजीच्या.

४ जुलै

ही नोंद लांबेल.

कॅसेट ५, बाजू ब. एक बाबा सांगतायत, "म्या तव्हा थॉमसन लावेल व्हती, पानी नव्हतं तरी." मशीनने लिहिलं: 'मी तेव्हा थॉमसन लावेन, पाणी नव्हतं तरी.'

आमच्याकडे 'लावलेली' ऐवजी 'लावेल' म्हणतात. 'मी जायेल व्हतो', 'त्यानं सांगेल व्हतं'. पुण्याच्या माणसाला हे भविष्यकाळ वाटतं, आणि मशीन पुण्याचंच आहे, निदान मराठीपुरतं. त्याने 'व्हती' गाळलं, 'लावेल'चं 'लावेन' केलं आणि झालेली गोष्ट व्हायची करून टाकली. वाक्य दिसायला शुद्ध. शुद्धलेखन तपासणाऱ्याने एक लाल रेघ मारली नसती. मी स्वतः ती ओळ पहिल्या वाचनात पुढे सोडली होती.

मग परत मागे गेलो आणि दुरुस्त म्हणून बाजूला ठेवलेल्या चार बाजू आवाज लावून पुन्हा ऐकल्या. 'व्हतं'चं 'होतं', 'पानी'चं 'पाणी', 'आमी'चं 'आम्ही', 'इळभर'चं 'दिवसभर' (हे तर ऐकण्यापलीकडचं, सरळ भाषांतर आहे). 'घोडी छाटणी' चूक म्हणून दिसते. ही चूक चूक म्हणून दिसतच नाही. ओट्यावरच्या सगळ्यांना एका रात्रीत शाळेत बसवलंय.

आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाचं भारतीय भाषांसाठीचं मॉडेलही एका बाजूवर लावलं. 'व्हतं' त्यात तुलनेने जास्त टिकलं. पण विरामचिन्हं नाहीत आणि वेळा वेगळ्या जुळवाव्या लागतात. गणपतीपर्यंत तेवढा वेळ नाही. पडताळणीसाठी शेजारी उघडं ठेवलंय: दोघांचं जमत नाही तिथे कान लावायचा.

ठरवलं: बोलले तसंच लिहायचं. नियम वहीच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला. व्हतं ते व्हतं.

९ जुलै

कॅसेट ७. पुरुष मंडळी बाजारभावावरून भांडतायत आणि मागून, बहुधा चुलीपाशी बसून, बाईचा आवाज. मशीनच्या फाईलमध्ये त्या जागी काहीच नाही, चार सेकंदांची फट. चाळणीचा उंबरठा (किती खात्री असली की आवाजाला बोलणं मानायचं) ०.५ वरून ०.३ वर आणला तेव्हा ओळ आली, तीही अशी: 'आम्ही चांदवडला जाऊ.'

आवाज मामींचा. "आमी चांदवडला जायेल व्हतो, तव्हा बी ह्येच बोलत व्हते सगळे." चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिलांचं अधिवेशन झालं होतं. मामींना फोन लावला. म्हणाल्या, "गेले होते तर. ट्रकमधून." पुढे पाऊण तास त्याच बोलत होत्या आणि मी रेकॉर्ड केलं नाही. कॅसेटींमध्ये इतका बुडालो होतो की हातातल्या फोनचं बटण सुचलं नाही.

सगळ्या बाजू ०.३ वर पुन्हा लावल्या. चुलीपाशी एकूण अकरा वाक्यं सापडली. एका कॅसेटवर बकरी सापडली, तिने 'हा हा हा' म्हटल्याचं लिहून आलंय.

१७ जुलै

ओळी तोडणं. नेहमीचा हिशेब असा की एका ओळीत ४२ च्या आत चिन्हं, एका वेळी दोनच ओळी, आणि वाचायला सेकंदाला साधारण १७ चिन्हांपेक्षा वेग नको. पण प्रोग्राम चिन्हं मोजतो आणि माणूस अक्षरं वाचतो. 'द्राक्ष' डोळ्याला दोन अक्षरं. संगणकाला सात: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. त्यामुळे सबटायटल एडिट हा प्रोग्राम प्रत्येक तिसरी ओळ तांबडी करून 'लांब आहे' म्हणतो. अक्षरांवर मोजणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. तरीही वेग कमीच ठेवला. वाचणारे सत्तर-ऐंशीचे आहेत आणि अर्ध्यांचे चष्मे घरी राहणार आहेत.

तोडायचं कुठे हे मात्र स्क्रिप्टला जमत नाही. 'फवारा मारून / टाकला' असं तोडलं की वाचणारा अडखळतो. हातानेच.

२२ जुलै

फजिती. मामा म्हणाले, आकडे मराठी हवेत. मी सगळ्या फाईलभर शोधा-बदला चालवलं, ० ते ९. प्लेअरमध्ये एकही सबटायटल दिसेना. अर्धा तास फॉन्टवर संशय. मग दिसलं की बोलण्यातल्या आकड्यांबरोबर वेळांचे आकडेही देवनागरी झालेत. एसआरटीत (सबटायटलच्या फाईलीत) वेळ इंग्रजी आकड्यांतच लागते, तास-मिनिट-सेकंद, मग स्वल्पविराम आणि मिलिसेकंद. प्लेअरच्या दृष्टीने ती नुसती कविता झाली होती.

८ ऑगस्ट

मामांच्या टीव्हीवर चाचणी. पेनड्राइव्हमधून फाईल लावली तर खाली चौकोनांची माळ. टीव्हीला देवनागरी फॉन्टच माहीत नाही. म्हणजे अक्षरं व्हिडिओवर कायमची छापावी लागणार. मुक्ता फॉन्ट, मोठा, मागे काळी पट्टी. पहिल्या छापणीत 'ऱ्या' फुटला, पाय मोडलेला 'र' आणि सुटा 'या'; 'शेतकऱ्यांनो' वाचवेना. अक्षरजोडणीची पद्धत साधी ठेवली होती, ती पूर्ण केल्यावर जुळला.

शब्दांखेरीजचे आवाजही लिहिलेत: [पाऊस], [पंप सुरू होतो], [सगळे हसतात]. मामांनी ते वाचले आणि पंप कोणाचा ते सांगितलं. तेही लिहिलं.

२४ ऑगस्ट

सहा बाजू तयार, एकूण दोन तास चाळीस मिनिटं. आधी दाखवून घ्यावं म्हणून कॅसेट ५ वाल्या बाबांच्या घरी गेलो. त्यांचे चिरंजीव शिक्षक आहेत. पाच मिनिटं पाहून त्यांनी मला ओसरीवर नेलं. "हे 'व्हतं', 'म्या' काढून टाका. वडिलांना अडाणी दाखवलंय. गावासमोर लोक हसतील. आधी मशीनने शुद्ध दिलं होतं म्हणता ना, मग तुम्ही मुद्दाम बिघडवलंत?"

उत्तर होतं माझ्याकडे, सुचलं नाही. सरांचंही सगळंच चूक नाही. ऐकताना 'व्हतं' कोणाला खटकत नाही, पण छापलेलं दिसलं की त्याची टर होते, हे मीही शाळेत पाहिलंय. पाहिलंय कशाला, भोगलंय. दुसरी, प्रमाण मराठीतली फाईल करून देतो म्हणालो. दोन संध्याकाळींचं काम आहे आणि हात उचलत नाही.

३० ऑगस्ट

मारुतीच्या सभामंडपात दाखवलं. पडदा म्हणजे पांढरं धोतर. 'व्हतं'ला कोणी हसलं नाही. बकरीला हसले.

बाबा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, ओठ हलवत वाचत होते. कॅसेट ५ मध्ये ते म्हणतात, "एकरी धा टन काढला." ही ओळ माझी सगळ्यात कष्टाची. मशीनने 'एकरी सहा टन' लिहिलं होतं. खरखरीचा स्वभावच 'स'सारखा, 'धा'च्या तोंडाशी ती लागली आणि 'सा' झालं. दुसऱ्या मॉडेलनेही 'सा'च दिलं. मी हेडफोन लावून, वेग निम्मा करून, वीस-पंचवीस वेळा ऐकून 'धा' ठरवलं होतं.

संपल्यावर बाबांनी हाताने बोलावलं. मी कानाशी वाकलो, तर ते मोठ्यानेच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "धा टन लिहिलं तू?"

"तुम्हीच म्हणालात बाबा, टेपमध्ये आहे."

"म्हणलो आसंल. सहाच व्हता. त्या दिवशी पिंपळगावचा पाव्हना बसेल व्हता ओट्यावर."

मी सांगितलं की मशीनने आधी सहाच लिहिलं होतं. सरांनी ते त्यांना कानात ओरडून सांगितलं. बाबा इतके हसले की खोकला लागला, पाणी आणावं लागलं. "मंग त्याला ठावं व्हतं!"

सर म्हणाले, सहा करून टाका.

२ सप्टेंबर

कॅसेट ५, बाजू ब, सबटायटल २१४: 'एकरी धा टन काढला.' तसंच ठेवलं. टेपमध्ये धा आहे.

मामींकडे रविवारी जायचं, फोन चार्ज करून. कॅसेट ९ ची फीत डेकने खाल्ली, दोन ठिकाणी सांधायची आहे; सांधायची चिकटपट्टी एम. जी. रोडवर मिळत नाही, त्या चौथ्या दुकानदाराला विचारून पाहतो.